मामांच्या दहाव्याला मला हसू फुटलं

मावशी,
माझा मामा एसटीत कंडक्टर होता, कोल्हापूर-रत्नागिरी रूटवर. मे महिन्यात आम्हा आठ भाचरांना तो अंगणात पाटांवर ओळीनं बसवायचा, तिकिटांचे कपटे वाटायचा आणि ‘साखरपावाले उतरा, पालीवाले पुढं सरका’ असं ओरडत एकेकाला आंबा द्यायचा. गेल्या वर्षी तो गेला, ७७ वर्षांचा होऊन. दहाव्याला कावळा शिवेना. मामेभावानं ‘आईला सांभाळीन’ म्हटलं, थोरल्या मावशीनं हात जोडले, तरी काही नाही. शेवटी मामाचे जुने ड्रायव्हरकाका पुढं आले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘मास्तर, डबल बेल!’ आणि कावळा खाली उतरला. मला हसू फुटलं ते थांबेचना. घाटावर सगळे माझ्याकडं बघत राहिले. तेव्हापासून मामी माझ्याशी धड बोललेली नाही. मग मीही तिकडं फिरकले नाही. आता पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. मामेभाऊ म्हणतो, ‘बाबांबद्दल तू बोल, पण गंभीर बोल.’ मला गंभीर मामा आठवतच नाही. शेवटची दोन वर्षं ‘येते, येते’ म्हणत मी त्याला भेटायलाही गेले नाही. काय करू?
– त्याची भाची

प्रिय भाची,

‘डबल बेल’पाशी मी पत्र खाली ठेवलं. हसले, आणि मग चष्मा काढून डोळे पुसले.

एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. त्या दोन घंट्या ऐकल्याशिवाय ज्यानं वर्षानुवर्षं गाडी हलवली नाही, त्यानं आपल्या मास्तरांना त्याच बोलीत निरोप दिला. त्या घाटावर बाकीचे रीतीचं बोलत होते, हा एकटा मामांशी बोलला. ते तुला उमगलं म्हणून तू हसलीस. मला त्यात मामांचा अपमान कुठंच दिसत नाही. आपल्या आज्या-पणज्या हेल काढून रडायच्या तेव्हा गेलेल्या माणसाच्या खोड्या, खाण्याच्या तऱ्हा, रुसवे सगळं त्या रडण्यातच यायचं. मयताच्या घरात कोपऱ्यात बसून कुणीतरी पदराआड हसायचंच. तेव्हा हसल्याबद्दल माफी मागू नकोस.

माफी मागायची आहे ती वेगळ्या गोष्टीची. पत्रात ते एका ओळीत उरकलंस: ‘मग मीही तिकडं फिरकले नाही.’ अगं, नवरा गेल्यावरचं पहिलं वर्ष ते. बिनफराळाची दिवाळी, बिनगुढीचा पाडवा. त्या घरात लाडकी भाची पाऊल टाकत नाही, याचा अर्थ मामींनी काय लावायचा? त्यांना तुझं हसणं लागलंय असं तू धरून चाललीस. मला वाटतं, तुझं न येणं लागलं असेल.

आमच्या माहेरच्या घरामागंच एसटीतल्या लोकांची चाळ होती, म्हणून मला थोडं माहीत आहे. कंडक्टरची बायको होणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळत नाही. मुक्कामी गाडीची ड्यूटी लागली की ड्रायव्हर-कंडक्टर रात्री कुठल्यातरी गावात, देवळाच्या ओवरीत नाहीतर गाडीतच झोपणार, आणि इकडं बाई लेकरं घेऊन एकटी. सणाला रजा नाही, कारण सण म्हणजेच गर्दी. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या, गणपतीला कोकणच्या. चाळीतल्या कितीतरी घरांत पहिली आंघोळ भाऊबीज उलटून गेल्यावर व्हायची आणि पोरांना ते अजिबात विचित्र वाटायचं नाही. ज्या दिवशी बाबा घरी, त्या दिवशी दिवाळी.

आता तुझा तो मे महिना नीट आठव. मे म्हणजे एसटीच्या हंगामाचा कळस. मामा रोज घरी होते का? मला नाही वाटत. आठवड्यातून एखादा दिवस असतील, आणि त्या एका दिवसात त्यांनी इतकी धमाल केली की तुला अख्खा महिना मामांचाच वाटतो. बाकीचे दिवस आठ पोरांच्या भाकऱ्या, आठ पोरांचे आंब्याच्या चिकानं डागलेले कपडे, रात्री घरची आठवण येऊन रडणाऱ्या धाकट्याला थोपटणं, हे कुणी केलं? सगळ्यांच्या लाडक्या माणसामागं बहुतेक वेळा असं एक माणूस उभं असतं आणि त्याची आठवण कुणी सांगत नाही. तू ती सांग. मामांबद्दल बोलताना मामी येऊ देत.

त्यासाठी आधी मामींकडं जा. वर्षश्राद्धाच्या गर्दीत नको, त्याआधी, साध्या दिवशी. फोनवर नको. भाजी निवडायला बस त्यांच्या शेजारी आणि विचार, ‘मामी, मामा मुक्कामी असायचा तेव्हा रात्री तुम्ही काय करायचा?’ एवढाच प्रश्न, आणि मग गप्प राहा. त्या लगेच बोलतील असं नाही. दुसऱ्यांदाही जावं लागेल. घाटावरची गोष्ट सर्वांसमोर सांगू का, हेही त्यांनाच विचार. नको म्हणाल्या तर सांगू नकोस, मग मला ती कितीही आवडलेली असली तरी. नवरा त्यांचा होता.

शेवटच्या दोन वर्षांचं दुखणं भाषणात आणू नकोस, तेही मामींजवळच बोल. ‘मामांनी तुला केव्हाच माफ केलं असेल’ असं मी लिहिणार नाही, कारण ते मला ठाऊक नाही. त्या दोन वर्षांत मामा तुझी वाट बघत होते का, हे फक्त मामींना माहीत आहे. उत्तर टोचलं तरी ऐकून घे.

आता भाषण. मामेभावावर रागावू नकोस. बाप गेलेला पोरगा आहे, चारचौघांत बापाचं हसू होईल या धास्तीनं तो ‘गंभीर बोल’ म्हणतोय. पण ‘मनमिळाऊ, हसतमुख, परोपकारी’ हे तीन शब्द मात्र टाळ. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत ते कुणालाही बसतात. एक-दोनच प्रसंग घे आणि पुरते सांग.

पहिला प्रसंग तर तूच दिला आहेस, पण पानाच्या मागच्या बाजूला, ताजा कलम म्हणून. मामांची शाळेतली जन्मतारीख १ जून १९४८. ती गुरुजींनी टाकलेली, कारण खरी घरात कुणालाच ठाऊक नव्हती. त्या पिढीत घरोघरी असे १ जूनवाले सापडतात. आणि आपली पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला निघाली तीही १ जून १९४८ लाच! म्हणून डेपोत वर्धापनदिनाचे पेढे वाटले की मामा ‘माझ्या वाढदिवसाचे’ म्हणून दोन जास्त उचलायचे आणि ‘आम्ही जुळी भावंडं’ असं सांगत फिरायचे. अशी गोष्ट कुणी मागच्या पानावर ठेवतं का? भाषणाची सुरुवात इथूनच कर.

गंभीर मामा हवेत तर ड्रायव्हरकाकांना गाठ. पावसाळ्यात रात्री आंबा घाटात धुकं उतरतं, पुढचं वळण दिसत नाही, आत पन्नासेक माणसं झोपलेली. अशा वेळी मास्तर काय करायचे, ते त्यांना विचार. तुम्हा पोरांना पाटांची एसटी करून हसवणारा माणूस कामावर कसा होता, हे घरातल्या कुणी पाहिलेलं नाही. त्यांनी रोज पाहिलंय. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून दोघांच्या मधे ठेव आणि त्यांना बोलू दे, अडवू नकोस, तारखा विचारू नकोस. त्यांचंही वय झालं असेल, हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस.

बोलताना आवाज कापला तर थांब. हसू आलं तरी थांब. खाली बसलेल्यांत निम्मे त्या पाटांवर बसून आंबे खाल्लेले असतील, त्यांना तिकीट दाखवावं लागणार नाही.

मामींनी काय सांगितलं ते मला कळव. आणि ड्रायव्हरकाकांना माझा नमस्कार.

तुझी,
मावशी