'परत' म्हणजे पुन्हा की माघारी?

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी आजीशी बोलून झाल्यावर तू विचारलेस, "आजी दर वेळी 'परत कधी येणार?' म्हणते, त्यातले 'परत' म्हणजे पुन्हा की माघारी? माघारी असेल तर मी तिथली कुठे आहे? मी इथे लीड्सला जन्मले." मी "दोन्ही" एवढेच म्हणून उठलो. ते खोटे नव्हते, पण प्रश्न मला लागला.

'पुन्हा' सरळ आहे, तीच गोष्ट आणखी एकदा. 'परत' त्या अर्थानेही चालतो, पण त्यात वळणेही आहे. म्हणून उसने आणलेले पुस्तक आपण परत देतो, पुन्हा देत नाही. मोसमी वारे माघारी फिरताना पडतो तो परतीचा पाऊस. आणि कढईत कांदा परततात तोही उलटसुलट करूनच.

आमच्या चिपळूणच्या घरात निघताना "जातो" म्हणायची सोय नव्हती. मी पुण्याला शिकायला निघालो की आई हातावर दही घालायची आणि ते चाटून "येतो" म्हणायचे. एकदा एस.टी. चुकेल या घाईत माझ्या तोंडून "जातो" निघून गेले, तर आबांनी उचललेली वळकटी खाली ठेवली आणि मी "येतो" म्हणेपर्यंत पुन्हा उचलली नाही. गाडी चुकली ती चुकलीच, आणि पुढच्या गाडीपर्यंत मी फुरंगटून बसलो. मात्र गणपतीच्या उत्तरपूजेला गुरुजी 'पुनरागमनाय च' म्हणत मूर्ती जागची हलवायचे, तेव्हा देवालाही "जा" म्हणत नाहीत, याचे मला अप्रूप वाटे. हा निव्वळ शब्दांचा खेळ आहे असे तू म्हणशील. मलाही कधीकधी तसेच वाटते.

कारण इतकी वर्षे "येतो" म्हणूनही मी दोन वर्षांतून एकदा, तीन आठवड्यांपुरता जातो, आणि आई आता माझ्यासाठी कपाटातली पाहुण्यांची चादर काढते. माझेही 'परत' हल्ली 'पुन्हा'कडेच झुकले आहे. त्यामुळे आजीला तू काय उत्तर द्यावेस हे मी सांगणार नाही. तिकिटे काढताना परतीची तारीख म्हणून मी लीड्सला येण्याची तारीख भरतो, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.

तुझा,
बाबा