ग्वेलिन: मुक्काम शहरात की यांगशुओला?

आईवडिलांसह ऑक्टोबरात चार दिवस दक्षिण चीनमधील ग्वेलिनला जाताना सगळा मुक्काम शहरातच करावा का, आणि आईंच्या गुडघ्यांना सोसेल असे काय पाहावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते शहरात एकच रात्र राहावे आणि उरलेल्या रात्री ली नदीकाठीच खाली असलेल्या यांगशुओ या गावी काढाव्यात, कारण ज्या चुनखडीच्या सुळकेदार डोंगरांसाठी आपण एवढ्या लांब जाणार आहात, त्यांचे खरे वैभव नदीच्या त्या खालच्या पात्रात आहे.

शहरात हत्तीच्या सोंडेसारखी दिसणारी टेकडी नदीकाठावरूनच छान दिसते. तुश्यू शिखर मात्र आईंनी खालूनच पाहावे. वर जाणाऱ्या पायऱ्या फार उभ्या आहेत. लुदी गुहा अवश्य पाहावी. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळवते. या क्रियेने बाहेर हे सुळके कोरले गेले, आणि विरघळलेला चुना आत ठिबकत्या पाण्यातून पुन्हा साचून लवणस्तंभ झाले. रंगीत दिव्यांमुळे खडकाचा मूळ रंग हरवतो, याचे मला वाईट वाटते. तरीही छताकडून खाली उतरलेल्या एखाद्या स्तंभाच्या टोकाशी थांबून पाहिले, तर तिथे लोंबणारा पाण्याचा थेंब दिसतो आणि ते काम अजून चालू असल्याचे कळते. तांग राजवटीच्या काळातील (सातवे ते दहावे शतक) पर्यटकांनी शाईने लिहिलेला मजकूरही या गुहेत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामानासह यांगशुओकडे जाणारी मोठी बोट पकडावी. सुमारे चार तासांच्या या प्रवासात यांगदी ते शिंगपिंग या नदीकाठच्या गावांमधला टप्पा सर्वांत देखणा आहे, तेव्हा जेवण त्याआधी उरकून वरच्या डेकवर जावे. 20 युआनच्या नोटेवरील देखावा शिंगपिंगजवळचाच आहे. धुके असले तरी हिरमुसू नये. डोंगरांच्या एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा तेव्हाच नीट उमगतात.

यांगशुओला युलोंग नदीवर बांबूच्या तराफ्यातून फिरावे. नावाडी लांब काठीने तराफा ढकलतो, त्यामुळे इंजिनाचा आवाज नसतो. छोट्या बंधाऱ्यांवरून तराफा घसरतो तेव्हा पाय भिजतात, म्हणून चपला घालाव्यात. ज्येष्ठांसाठी वयाची अट आहे का, हे तिकिटाआधी विचारून घ्यावे. लोंगजीची डोंगरउतारावरची भातखाचरे सुंदर आहेत, पण तिथे चढउतार बराच असल्याने या सहलीत ती वगळावीत.

1 ते 7 ऑक्टोबर हा चीनमधील राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा असतो आणि त्या काळात बोटी, गाड्या व हॉटेले भरलेली असतात, म्हणून दुसऱ्या पंधरवड्यातील तारखा घ्याव्यात. घरी कुणी शाकाहारी असल्यास ‘मांस नको, मांसाचा रस्साही नको’ हे चिनी लिपीत लिहून घेऊन जावे, कारण तिथल्या प्रसिद्ध तांदळाच्या शेवयांत बहुधा मांसाचा रस्सा असतोच.