शंका-समाधान : पाण्याखालून सुटलेलं क्षेपणास्त्र वाट कशी धरतं?

प्रश्न : १४ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘आयएनएस अरिहंत’ या पाणबुडीवरून बंगालच्या उपसागरात क्षेपणास्त्राची चाचणी झाली. पाण्याखाली जीपीएस पोचत नाही, मग आपण कुठे आहोत हे त्याला कसं कळतं? जायरो (फिरणं मोजणारा सेन्सर) तर मोबाइलमध्येही असतो, त्याने भागत नाही का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : क्षेपणास्त्राच्या जडत्वीय मार्गदर्शनाला, म्हणजे स्वतःचीच हालचाल मोजून वाट काढण्याच्या पद्धतीला, बाहेरची खूण लागत नाही. तीन त्वरणमापक तीन दिशांचं त्वरण मोजतात, जायरो त्या दिशा सांभाळतात. त्वरणाची वेळेगणिक बेरीज केली की वेग, वेगाची केली की अंतर. गोम अशी, की या दुहेरी बेरजेत चूक वेळेच्या वर्गाने फुगते.

घरीच पाहा. सेन्सरचे आकडे दाखवणारं अ‍ॅप उघडा, फोन टेबलावर उताणा ठेवून उभ्या अक्षाचा आकडा टिपा, मग पालथा ठेवून टिपा. सोलापुरात गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. समजा उताणा ९.८३ आणि पालथा उणे ९.७३ आला, तर दोहोंच्या बेरजेच्या निम्मे, म्हणजे ०.०५ ही शून्यचूक (शून्य दाखवायला हवं तिथेही सेन्सर दाखवतो तो आकडा). एवढी चूक आडव्या अक्षात असली, तर टेबलावर पडलेला फोन हिशेबात मिनिटाभरात ९० मीटर सरकतो आणि दहा मिनिटांत ९ किलोमीटर. म्हणजे कागदोपत्री फोन शहराबाहेर! आडवी पातळी ०.१ अंशाने चुकली, तरी गुरुत्वाचा अंश आडव्या त्वरणात मिसळून मिनिटाभरात ३० मीटरची चूक होतेच.

जायरोचं दुखणं वेगळं. पृथ्वी तासाला सुमारे १५ अंश फिरते. सोलापूरच्या अक्षांशावर त्यातला उत्तरेकडचा आडवा भाग १४.३ अंश. चांगला जायरो तो हेरून उत्तर दिशा शोधतो. फोनच्या जायरोची शून्यचूक बहुधा याहून मोठी असते, शिवाय फोन तापला की बदलते.

क्षेपणास्त्राचं इंजिन मोजकी मिनिटंच चालतं, त्यामुळे चूक फुगायला वेळ कमी. खरी डोकेदुखी सुरुवातीची. पाणबुडी हलत असते. डागण्यापूर्वी स्थान, वेग आणि उत्तर दिशा तिचीच यंत्रणा क्षेपणास्त्राला देते. त्यातली चूक ते निमूटपणे पुढे नेतं. दिशा अंशाच्या साठाव्या भागाने चुकली, तर २००० किलोमीटरवर सुमारे ५८० मीटरचा फरक पडतो. म्हणून १९७९ मध्ये सेवेत आलेल्या ट्रायडेंट-१ या पाणबुडीवरून सुटणाऱ्या अमेरिकी क्षेपणास्त्रामध्ये उड्डाणातच तारा पाहून सुरुवातीच्या स्थान-दिशेची चूक सुधारण्याची सोय केली. त्वरणमापक मात्र मुळातच चोख लागतो. त्याची चूक तारा थेट दाखवत नाही.