करेलेशन शून्य आलं म्हणजे दोन गोष्टींचा संबंधच नाही का?

तुम्ही विचारलंय की गॅलेक्सींच्या डेटात दोन कॉलमचं पिअर्सन करेलेशन (दोन गोष्टी सरळ रेषेत किती सोबत बदलतात ते सांगणारा -१ ते १ मधला आकडा) ०.०२ आलं, मग ती जोडी सोडून देऊ का. एवढ्यात नका सोडू.

आमच्या सोलापुरात घरीच माग होते त्यामुळे हे मला कॉलेजच्या आधी मागावर कळलं. ताणा (मागावरचे उभे धागे) सैल राहिला की धागे गुंततात नि तुटतात, जास्त आवळला तरी तुटतात, मधे कुठंतरी चादर बिनबोभाट निघते. आता ताण आणि तुटलेले धागे यांचं पिअर्सन काढा, शून्याच्या आसपास येऊ शकतं, म्हणून काय वडलांना जाऊन सांगायचं का की ताणाचा काही संबंध नाही? पिअर्सनला सरळ रेषच दिसते हो, बाकी काही नाही.

-२, -१, ०, १, २ आणि त्यांचे वर्ग घ्या. पिअर्सन बरोब्बर ०. त्याच पाच जोड्यांचं डिस्टन्स करेलेशन ०.५२ येतं (कागदावर केलंय, चहा गार झाला). ही पद्धत सेकेली, रिझ्झो आणि बाकिरोव्ह यांची, २००७ ची. यात किंमती थेट बघत नाहीत, प्रत्येक दोन बिंदूंमधलं अंतर बघतात, आधी एका कॉलममधे मग दुसऱ्यात, आणि ती अंतरं एकमेकांशी जुळतात का ते तपासतात. खरी किंमत शून्य तेव्हाच, जेव्हा दोन्ही गोष्टी पूर्ण स्वतंत्र असतात. पण थोड्या बिंदूंवर हा आकडा उगाच फुगतो, म्हणून एक कॉलम ९९९ वेळा पिसून परत परत काढा आणि तुमचा आकडा त्या गर्दीत कुठं बसतो ते बघा.

आता खरी डोकेदुखी. कॉम्बो-१७ या आकाश सर्वेच्या कॅटलॉगमधे ६३,५०१ नोंदी आहेत, म्हणजे जोड्या झाल्या २०० कोटींच्या वर, आणि अंतरांचा एकच तक्ता ३२ जीबी मेमरी खातो. माझा लॅपटॉप तर गपगार पडला. आधी दोन हजारांचे रँडम नमुने घेऊन बघा, नाहीतर एका-एका कॉलमसाठी तक्ता न बनवणारा फास्ट अल्गोरिदम आहे तो वापरा, आर या प्रोग्रॅमिंग भाषेत त्यासाठी एनर्जी पॅकेज आहेच.

आणि आकडा मोठा आला तरी लगेच नाचू नका, लांबच्या अंधुक गॅलेक्सी सर्वेत दिसतच नाहीत त्यामुळे तेज आणि अंतर यांचं नातं आपोआप तयार होतं. रेडशिफ्टचे (गॅलेक्सी किती लांब आहे ते सांगणारं माप) तुकडे पाडून प्रत्येकात वेगळं काढा, आणि ग्राफ डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाईडकडे जाऊ नका.