कार्यालयीन नोकरी सोडून बसचालक व्हावे का?

लातूरमधील कार्यालयीन नोकरी सोडून चाळिशीच्या उंबरठ्यावर बसचालक व्हावे का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र राजीनामा परवाना हाती आल्यावरच द्यावा. हलक्या वाहनाच्या परवान्याला किमान एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय परिवहन वाहनाचा, म्हणजे बस-ट्रकसारख्या व्यावसायिक वाहनाचा, शिकाऊ परवाना मिळत नाही. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, प्रवासी वाहनासाठी चालकाचा अधिकृत बिल्लाही (बॅज) घ्यावा लागतो. एसटीच्या भरतीला वयोमर्यादा असते. ती आड आली तर शाळेची किंवा कारखान्याची बस हा सन्मानाचा पर्याय आहे.

2025 मध्ये नव्या कामगार संहितेने जागा घेईपर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 नुसार कामाचे तास सामान्यतः दिवसाला 8 असत आणि सलग 5 तास काम होण्यापूर्वी किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागे. विश्रांती आजही आग्रहाने मागावी, कारण थकलेल्या चालकामागे पन्नास माणसे निर्धास्त झोपलेली असतात. मराठवाड्यात तर गळीत हंगामात उसाने खचाखच भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात, आणि एप्रिल-मेमध्ये इंजिनाशेजारची उष्णता असह्य होते. मुक्कामी गाडीवर रात्र परगावी काढावी लागते, म्हणून घरच्यांची संमती आधी घ्यावी.