बैलाच्या कातड्यात मावलेलं राज्य

प्रश्न : नात सातवीत आहे. गणिताच्या बाईंनी वर्गात डायडो राणीची गोष्ट सांगितली. बैलाच्या कातड्याएवढी जागा मागून तिने राज्य वसवलं, ती. पुढचं नातीने कुठंतरी वाचलं आणि आता विचारते, ‘आजोबा, एवढी हुशार बाई एका पाहुण्यासाठी जळून का मेली?’ काय सांगू?
— एक आजोबा, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आजोबा, बत्तीस वर्षं गणित शिकवलं, पण हा प्रश्न मला एकाही पोराने विचारला नाही. नातीला शाबासकी द्या.

डायडो मूळची टायरची, म्हणजे आजच्या लेबनॉनमधली. राजा असलेल्या सख्ख्या भावानेच, पिग्मॅलियनने, संपत्तीसाठी तिच्या नवऱ्याचा खून केला. ती धन जहाजात घालून पळाली आणि आजच्या ट्युनिसजवळ उतरली. तिथले लोक म्हणाले, कातड्यात मावेल तेवढी जमीन घे. तिने कातड्याची बारीक वादी काढली आणि अख्खी टेकडी वेढली. त्या टेकडीचं नाव बिर्सा. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कातडं. (आपल्या बिरसा मुंडांशी संबंध नाही, पोरं हमखास विचारतात.)

मागे मी हे गच्चीवर करून पाहिलं. जुन्या चामड्याच्या बॅगेची एक बाजू, ३० बाय २० सेंटिमीटर. तीन मिलिमीटरची वादी काढली तर हिशेबाने २० मीटर निघायला हवी. तीनदा तुटून १८ मीटर हाती आली. ‘काहून जीव काढता त्या बॅगेचा?’ इति सौ. पण त्या वादीने गोल घातला तर २७७ चौरस फूट जागा बसते, आणि एक बाजू भिंतीने सांभाळली, उरलेला अर्धगोल वादीने केला, तर ५५५. बरोब्बर दुप्पट! भिंतीच्या जागी समुद्र धरा. ठरावीक लांबीत जास्तीत जास्त जागा वेढायच्या या कोड्याला गणितात आजही ‘डायडोचा प्रश्न’ म्हणतात.

आता मरणाचं. रोमन कवी व्हर्जिलच्या आधीचा ग्रीक इतिहासकार तिमाइयस सांगतो त्या कथेत पाहुणा नाहीच. तिथला राजा लग्नासाठी मागे लागतो, तिची माणसंही गळ घालतात, आणि ती चितेत उडी घेते. तो पाहुणा म्हणजे ईनियस, ट्रॉय शहराचा योद्धा आणि रोमनांचा मानलेला मूळपुरुष. त्याला तिच्या दारात आणून ठळक केलं ते व्हर्जिलने. पारंपरिक हिशेबाने ट्रॉय पडलं इ.स.पू. ११८४ मध्ये, डायडोचं शहर कार्थेज वसलं ८१४ मध्ये. म्हणजे ट्रॉयहून पळालेला पाहुणा तिच्या ३७० वर्षं आधीचा!

व्हर्जिलला गरज होती. कार्थेजशी रोमचं वैर इ.स.पू. १४६ मध्ये ते शहर जमीनदोस्त होईपर्यंत चाललं होतं. त्या वैराला मूळ कारण हवं, ते राणीच्या शापात सापडलं. त्याच्या काव्यात ईनियस तिला सोडून निघतो, आणि ती चितेवर चढून ईनियसच्याच तलवारीने जीव देते. मला हे रोमच्या सोयीचं वाटतं. पण त्याच व्हर्जिलने पुढे पाताळात दोघांची गाठ घातली आहे. ईनियस रडतो, सफाई देतो. ती जमिनीकडे बघत राहते, एक शब्द बोलत नाही, आणि वळून आपल्या पहिल्या नवऱ्याकडे निघून जाते.

नातीला मरण सांगाल तेव्हा ही भेटही सांगा. आणि प्रयोगाला बॅग नको, सायकलची जुनी ट्यूब द्या. चामडं कोपऱ्यावर तुटतं.