जास्त मतं मिळूनही अमेरिकेत उमेदवार हरतो कसा?

२०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २८ लाख मतं जास्त मिळाली, तरी त्या हरल्या. हे कसं झालं आणि याला न्याय म्हणायचं का, असा तुमचा प्रश्न आहे. मी न्यू जर्सीत, ट्रेंटनजवळ राहतो आणि इथेच मतदान करतो. समोर डेलावेअर नदी आहे आणि पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया लागतं. या पुलाच्या दोन टोकांना मताची किंमत किती वेगळी असते, ते मी दर चार वर्षांनी बघतो.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची देशव्यापी निवडणूक अशी होतच नाही. होतात त्या ५० राज्यांच्या आणि राजधानी वॉशिंग्टनची, अशा ५१ वेगवेगळ्या निवडणुका. प्रत्येक राज्याला निर्वाचक, म्हणजे राष्ट्राध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी, ठरवून दिलेले असतात: प्रतिनिधिगृहात (संसदेच्या लोकसंख्येनुसार निवडलेल्या सभागृहात) त्या राज्याचे जितके सदस्य, तितके, अधिक सिनेट या वरच्या सभागृहातल्या दोन सदस्यांचे दोन, मग राज्य लहान असो की मोठं. वॉशिंग्टनचे तीन धरून एकूण ५३८. त्यातले २७० ज्याला मिळाले तो राष्ट्राध्यक्ष.

अन्यायाचं बोलताना लोक बहुतेक वेळा त्या जादा दोन मतांकडे बोट दाखवतात. वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास आणि निर्वाचक तीन. कॅलिफोर्नियात जवळजवळ चार कोटी लोक आणि निर्वाचक ५४. म्हणजे वायोमिंगच्या मतदाराचं वजन जवळपास चौपट. हे खटकतं, आणि २००० साली त्याने निकालही फिरवला. प्रत्येक राज्याची ती दोन मतं वजा केली, तर बुश यांच्याऐवजी अल गोर निवडून येतात. पण २०१६ चा हिशेब असाच करून बघा. ट्रम्प तरीही जिंकतात! मग खरं दुखणं कुठे आहे?

माझ्या मते ते ‘जिंकला त्याला सगळं’ या नियमात आहे. मेन आणि नेब्रास्का सोडून प्रत्येक राज्यात एका मताने पुढे असलेल्या उमेदवाराला तिथले सगळे निर्वाचक मिळतात. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आणि सिक्कीमच्या आमदाराचं ७ असतं, पण महाराष्ट्राचे आमदार ज्याला मत देतील त्यालाच ते जातं, सगळ्या राज्याची मतं एका उमेदवाराच्या झोळीत पडत नाहीत. इथे पडतात. २०१६ मध्ये न्यू जर्सीत क्लिंटन पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे होत्या. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात त्या ४४,२९२ मतांनी मागे पडल्या आणि तिथले सगळे २० निर्वाचक गेले. आमच्याकडची ती लाखो जादा मतं कुठेच मोजली गेली नाहीत. आणि आमच्याकडच्या रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्प यांच्या पक्षाच्या, मतदारांचं काय? त्यांच्या मतांतून ट्रम्प यांना एकही निर्वाचक मिळाला नाही. १९८८ नंतर न्यू जर्सी एकदाही रिपब्लिकन झालेलं नाही, त्यामुळे दोन्ही पक्ष आम्हाला गृहीत धरतात. सभा, जाहिराती, दारोदार फिरणारे कार्यकर्ते सगळे पूल ओलांडून पलीकडे. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०२० मध्ये बायडन देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा ७० लाख मतांनी पुढे होते. तरी अॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून जेमतेम ४३ हजार मतं त्यांच्याकडे कमी असती, तर दोघांचे निर्वाचक २६९-२६९ असे समसमान झाले असते. मग निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. कॅलिफोर्नियाला एक, वायोमिंगलाही एक.

या पद्धतीच्या बाजूने सांगितलं जातं की लहान राज्यांकडे दुर्लक्ष होत नाही. मला ते पटत नाही. वायोमिंगमध्ये तरी प्रचाराला कोण जातं?

‘जिंकला त्याला सगळं’ हे राज्यघटनेत कुठेही लिहिलेलं नाही. निर्वाचक कसे नेमायचे हे घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवलं आहे. थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली होती, पण पुढच्या वर्षी ती सिनेटमध्ये अडली. आता काही राज्यांनी आपसांत करार केला आहे, की देशभरात ज्याला जास्त मतं पडतील त्यालाच आपले निर्वाचक द्यायचे. करारातल्या राज्यांचे निर्वाचक मिळून २७० झाले की तो लागू होईल. सध्या ही संख्या दोनशेच्या पुढे गेली आहे. न्यू जर्सीने २००८ मध्येच तो स्वीकारला. पेनसिल्व्हेनियाने अजून स्वीकारलेला नाही.